पिंगळा आणि रानपिंगळा

तिन्हीसांजा झाल्या, की दिव्यासारख्या गावात जुन्या झाडाच्या ढोलीतून साळुंकीएवढा एक पक्षी बाहेर येतो. डोके वरखाली करीत तो आपल्याकडे टक लावून पाहतो आणि कर्कश आवाजात कलकलाट करतो. हा पिंगळा. माणसांच्या वस्तीला तो चांगला सरावला आहे. त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र जंगल सोडून राहत नाही.

दोघेही जवळजवळ एकाच आकाराचे. मग ओळखायचे कसे? प्रथम डोके पाहावे. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ कोरी असते. त्याच्या छातीचा वरचा भाग तपकिरी, तर पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात. चोच आणि नखेही अधिक दणकट असतात. पिंगळा बहुधा संध्याकाळी व रात्री शिकार करतो. रानपिंगळा दिवसाउजेडी सरडे आणि उंदीर टिपतो.

असा हा दिवसा वावरणारा पक्षी शास्त्रज्ञांना ११३ वर्षे सापडला नाही! ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ साली डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना शेवटचा ठरला. पुढे माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत एक नमुना मिळवल्याचे सांगितले. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला नमुना निघाला. ती जागाच खोटी होती! खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

२०१४ साली तो आपल्या ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात आढळला. दिव्याहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग याच तालुक्यातून जातो. ह्यूम यांनी त्याला वेगळ्या प्रजातीत घातले होते. २०१८ साली डीएनएच्या अभ्यासातून तो पिंगळ्याच्याच ‘अथेनी’ या प्रजातीतला ठरला.

नाते इतके जवळचे, पण नशीब वेगळे. पिंगळ्याला गावातली ढोली पुरते. रानपिंगळ्याला सागाचे विरळ, जुन्या झाडांचे रान लागते. ते तुटले, की त्याला दुसरा आसरा नाही.

तेव्हा पिंगळा दिसला, की त्याला न हुसकावता लांबूनच डोके व छाती नीट पाहा आणि तारीख, वेळ व जागा वहीत लिहून ठेवा. एका खोट्या नोंदीने किती दिशाभूल होते आणि खऱ्या नोंदीने काय सापडते, हे तुम्ही वाचलेच आहे.