तल्लफ आणि लाट

काशीदच्या सुरूच्या बनात पहाटे सहाला मी खिसे चाचपले. पाकीट नव्हते. आदल्या रात्री मीच ते सौ.च्या हवाली केले होते, आणि आता मनातल्या मनात तिलाच बोल लावत होतो.

बँकेत असताना लेजरमध्ये चाळीस पैशांचा फरक निघाला की सिगारेट पेटायची, फरक सापडला की आनंदाची दुसरी! निवृत्तीनंतर लेजर गेले, सिगारेट राहिली. कादंबरीला ती लागतेच, असे मी पाहुण्यांना ऐटीत सांगे. खरे म्हणजे रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड, उगाच धास्ती, आणि त्यावर उतारा म्हणून गॅलरीत झुरका.

डॉक्टरांनी हिशेब उलटा मांडला. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. ते ओसरू लागले की बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट तीच बेचैनी शमवते, आणि आपल्याला वाटते, चिंता गेली. म्हणजे व्याज फेडायला नवे कर्ज! असली खाती मी जन्मभर इतरांची पकडली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या २०१४ सालच्या आढाव्यात २६ अभ्यास तपासले होते. सोडल्यावर सहा आठवडे उलटलेल्यांची चिंता नि उदासी कमी झालेली आढळली. सुरुवातीचे दिवस मात्र चिडचिडीचे, हे घरच्यांनीही ओळखून असावे.

माझा एक सहकारी दारूपायी पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये राहून आला होता. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेले हे केंद्र. "साहेब, जन्माची सोडली म्हणू नका. आज नाही, एवढंच म्हणा," तो म्हणाला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट तल्लफेला लाटेची उपमा देत. तिच्याशी झुंजायचे नाही. ती चढते, ओसरते, तोवर पाहत राहायचे.

लाटा समोर होत्याच. घड्याळ लावून बसलो. तोंड कोरडे, बोटे अस्वस्थ. पाच-सहा मिनिटांत जरा सैलावलो.

"अहो, चहा घेता ना?" सौ. मागे उभी होती. पाकीट मागितले नाही.

रात्री मात्र मागितले, आवाज चढवून. तिने दिले नाही. दोघेही न बोलता झोपलो. सकाळी तिनेच १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक कागदावर लिहून पुढे केला.

आज एकोणिसावा दिवस. काल तीनला पुन्हा जाग आली. गॅलरीत गेलो, रिकाम्या हातांनी. थोड्या वेळाने तीही येऊन उभी राहिली.