आधी केसपेपर, मग नीटचा अर्ज

बारावीला माझी पीसीबीची बेरीज 300 पैकी 139 होती. फिजिक्समध्ये प्रॅक्टिकलच्या गुणांनी हात दिला म्हणून निभावलं. खुल्या प्रवर्गातून एमबीबीएसला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून निदान 50 टक्के लागतात, म्हणजे 150. तेवढेही नव्हते. आज मी मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी आहे. ओपीडी संपत आली की एखादा बाप मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, पोराला अकरावीत फार कमी पडलेत. नीटचं काही जमेल का?" मी पोराला विचारते, झोप लागते का? बापाला हा प्रश्न विषयांतर वाटतो.

माझी बारावी 2016 ची. त्या वर्षी सगळाच गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाने नीट सक्तीची केली, पालकांची धावपळ झाली, मग केंद्राने अध्यादेश काढून राज्यांच्या सीईटीला त्या वर्षापुरती सूट दिली. महाराष्ट्रातली मेडिकलची ती शेवटची सीईटी. पण माझं बिनसलं होतं त्याच्या कितीतरी आधी, लातूरच्या ट्युशन एरियात, अकरावीच्या दिवाळीनंतर.

पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. मेसचा डबा उघडायचा कंटाळा. केस धुवायचं म्हटलं तरी डोंगर चढायचा असल्यासारखं वाटायचं. कप्पीवरून दोन वस्तुमानं लोंबकळताहेत, त्वरण काढा, एवढं साधं उदाहरण. मी पहिलं वाक्य वाचायची, दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिलं पुसलं जायचं. पुन्हा पहिलं. शेजारची मुलगी पान उलटायची, त्या आवाजानेसुद्धा पोटात गोळा यायचा. क्लासमध्ये दर चाचणीनंतर बॅचा नव्याने लावत आणि यादी दाराच्या काचेवर चिकटवत. वरच्या बॅचला चांगले सर, खालच्या बॅचला उरलेले. मी खाली सरकत गेले. बाहेर चौकात गुणवंतांचे फ्लेक्स. त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांखालून रोज जायचं. (त्या फ्लेक्सवर यंदा बॅच सोडून घरी गेलेल्यांचाही आकडा छापावा, असं माझं जुनं म्हणणं आहे. कोणी ऐकत नाही.)

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना नेमकं यावरच बोट ठेवलं. गुणांवरून बॅचा पाडू नका, चारचौघांत पाणउतारा करू नका, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. कागदावर उत्तम आहे. तुमच्या मुलाच्या क्लासमध्ये समुपदेशक कुठल्या खोलीत बसतो, हे फी भरण्याआधी जाऊन बघा.

लातूरहून घरी परतले तेव्हा आईला वाटलं नजर लागली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांचं एकच, "अभ्यासाला बस, म्हणजे आपोआप बरं वाटेल." हे वाक्य मी आता रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते, आणि प्रत्येक वेळी सांगते की क्रम उलटा आहे. नैराश्यात लक्ष लागत नाही, वाचलेलं टिकत नाही, निर्णय घेता येत नाही. ही त्या आजाराची लक्षणंच आहेत. पाय मोडलेल्या मुलाला पळ म्हणजे हाड जुळेल, असं आपण म्हणत नाही. उदास वाटणं, कशातच रस न उरणं आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, तर तो आळस समजू नये. डॉक्टरांना दाखवावं.

शेवटी मामाने जिल्हा रुग्णालयात नेलं. मनोविकार विभागाबाहेरच्या बाकावर मी ओढणी तोंडावर घेऊन बसले होते, ओळखीचं कोणी बघू नये म्हणून. डॉक्टरांनी मार्कांचा विषयच काढला नाही. "बाळा, झोप कशी आहे? जेवतेस का? जीव नकोसा होतो का कधी?" तिसऱ्या प्रश्नाला मी रडले. मग त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड मंदावला की असाच थकवा आणि उदासी येते, म्हणून ते आधी बघतात. माझा थायरॉइड ठीक होता. नैराश्याची गोळी सुरू झाली.

या गोळ्यांबद्दल गावाकडे फार गैरसमज आहेत, म्हणून सविस्तर सांगते. पहिले काही दिवस मळमळतं, आणि गुण मात्र लगेच दिसत नाही. दोन ते चार आठवडे जावे लागतात. नेमकी इथेच माणसं औषध सोडतात. या गोळ्यांची नशा होत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. बरं वाटायला लागल्यावरही पुढे किमान सहा महिने चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. वय कमी असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, त्यामुळे घरच्यांनी लक्ष ठेवायचं. सोबत समुपदेशन होतं. समुपदेशक बाई मला घरचा अभ्यास द्यायच्या: सकाळी अंघोळ, अंगणात दहा मिनिटं, एका मैत्रिणीला फोन. मन लागण्याची वाट न बघता आधी हातपाय हलवायचे, अशी ती पद्धत.

पुस्तक परत हातात घेतलं ते बायोलॉजीचं. त्यात हिशेब होता. नीट 720 गुणांची असते, 180 प्रश्न, त्यातले 90 बायोलॉजीचे. म्हणजे निम्मा पेपर. बरोबर उत्तराला 4, चुकल्यास 1 वजा. फिजिक्सच्या धसक्याने जो खचलाय, त्याने एनसीईआरटीच्या बायोलॉजीपासून सुरुवात केली तर आठवड्यात एक धडा तरी 'झाला' असं म्हणता येतं, आणि आजारातून उठणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. बारावीचं भगदाड श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देऊन बुजवलं.

कमी गुणांनंतरही एमबीबीएसची दारं किती उघडी आहेत, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. दहावीचे गुण एमबीबीएसच्या प्रवेशात कुठेही मोजत नाहीत. बारावीचे पात्रतेपुरते, राखीव प्रवर्गांना पीसीबीत 40 टक्के पुरतात. त्यानंतर गुणवत्ता यादी फक्त नीटवर लागते. दोघांचे गुण सारखे आले तर आधी बायोलॉजी बघतात. वयाची वरची अट 2022 मध्ये काढून टाकली, किती वेळा बसावं यालाही मर्यादा नाही. आणि नैराश्याची गोळी घेतलीत का, असा प्रश्न नीटच्या अर्जात नाही. कोण पास झालं, कोण नापास, हे गाव लक्षात ठेवतं. राज्यात प्रवेशाचं काम बघणारा सीईटी सेल ठेवत नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. 2025 मध्ये 22 लाखांवर मुलं नीटला बसली आणि 12 लाखांवर 'पात्र' ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात साधारण सव्वा लाख, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. पात्र ठरणं आणि जागा मिळणं यात एवढं अंतर आहे, आणि खासगी महाविद्यालयांची फी ऐकून शेतकरी बापाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. म्हणून माझं स्पष्ट मत: आजारावर उपचार सुरू न करता ड्रॉप, म्हणजे पुन्हा तयारीसाठी वर्षाचा खंड, घेऊ नये. घेतलाच, तर तो कधी थांबवायचा हे घेण्याआधी ठरवावं. आयुर्वेद, दंतवैद्यक, फिजिओथेरपी हे रस्ते 'पडेल' लोकांचे आहेत, असं घरात बोलू नये. तशा बोलण्यानेच मुलं चौथा, पाचवा ड्रॉप घेतात.

प्रवेश मिळाला की सगळं सुटतं, असंही नाही. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या ओझ्याखाली माझी झोप पुन्हा उडाली. आपल्याच कॉलेजच्या मनोविकार विभागात जायचं तर उद्या तिथेच पोस्टिंग, तेच सर, तेच सीनियर; मी गुपचूप शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. असं करणारी मी एकटी नव्हते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने 2024 मध्ये अहवाल दिला. त्यांच्या सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्या 25 हजारांवर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. म्हणजे चारातला एक तरी. पहिल्या वर्षाची परीक्षा पार करायला नियमाने चार संधी मिळतात, हे मला तेव्हा एका सीनियर ताईने सांगितलं, आणि त्या माहितीनेच निम्मी धास्ती उतरली.

बाबा हल्ली त्यांच्या शाळेतल्या पालकांना माझ्याकडे पाठवतात. त्या पालकांना सांगते तेच इथे लिहिते. निकालाचा कागद महिनाभर कपाटात ठेवा. मुलाची झोप, जेवण आणि बोलणं बघा. बिघडलेलं दिसलं तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाचा केसपेपर काढा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. रात्र असेल, गाडी नसेल, तर 14416 लावा. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.