वाकडे पाऊल आणि डॉक्टरांची पहिली भेट

नवजात बाळाचे पाऊल आत वळलेले व टाच वर चढलेली दिसली, की घरात कुजबुज सुरू होते : ग्रहण पाळले नसेल, बाईने विळी हाती घेतली असेल. आम्हांस प्रथम हेच सांगावयाचे आहे, की या व्यंगाशी ग्रहणाचा काही संबंध नाही आणि आईचा काही अपराध नाही. हजार मुलांमागे सुमारे एकास ते असते, आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक मुले नीट चालू लागतात.

राळेगणसिद्धीच्या पालकांनी आशाताईंना किंवा अंगणवाडीत लगेच सांगावे. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी व उपचार मोफत आहेत. पहिल्या काही आठवड्यांतच अस्थिरोगतज्ज्ञांना गाठावे.

भेटीस जाताना बाळंतपणाचे कागद व लसीकरणाचे कार्ड न्यावे. मूल पायाळू असेल तर ते आवर्जून सांगावे. आजीला त्याचे कौतुक असते. डॉक्टरांना मात्र त्यावरून खुब्याचा सांधा तपासण्याचे सुचते, कारण पायाळू मुलांत तो निसटलेला असण्याचा संभव अधिक. बाळाला सैल झबले घालावे. पाजण्याची वेळ प्लास्टरच्या वेळी येईल असे पाहावे. दूध पिणारे बाळ पाय सैल सोडते. तेल लावताना पाऊल ओढून सरळ करू नये.

अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. पोन्सेटी (१९१४–२००९) यांची पद्धत आज सर्वत्र मान्य आहे. हलक्या हाताने पाऊल थोडे वळवून दर आठवड्यास नवे प्लास्टर घालतात. बहुधा पाच-सहा पुरतात. पुष्कळ बाळांत टाचेमागचा ताठ स्नायुबंध जागा बधिर करून सैल करावा लागतो. प्लास्टर भिजू देऊ नये. बोटे निळी, थंड किंवा सुजलेली दिसल्यास तत्काळ परत जावे.

खरी कसोटी पुढेच आहे. पाऊल सरळ झाले, की दांड्याने जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. ‘आता बरे झाले’ म्हणून ते काढून ठेवले, की पाऊल पुन्हा वळते. म्हणून पहिल्या भेटीस आईबरोबर वडिलांनीही जावे. राळेगणसिद्धीने बांध घालून पाणी अडविले, ते एका पावसाळ्याचे काम नव्हते. मुलाचे पाऊलही तसेच वर्षानुवर्षे राखावे लागते.