आधी सुई, मग औषध

गेल्या महिन्यात जलोदराच्या एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्याचा कल्चर रिपोर्ट आला. जिवाणू ई. कोलाय, म्हणजे रोजचाच. पण यादीतल्या जवळजवळ प्रत्येक औषधापुढे ‘आर’, रेझिस्टंट. रुग्ण वाचला नाही.

सिरॉसिसमध्ये, म्हणजे जलोदरामागच्या यकृताच्या जुनाट आजारात, आतड्याला कुठेही छिद्र नसताना पोटातल्या पाण्यात जंतू वाढतात, हे हॅरॉल्ड कॉन यांनी १९६४ साली ठळकपणे मांडलं. पुढची बरीच वर्षं मला पुस्तकातूनच ठाऊक. मी वॉर्डात जगलो ते २००० ते २०१० हे दशक. नुकतंच, १९९९ साली, स्पेनमधल्या डॉक्टरांनी सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाच्या जोडीला अल्ब्युमिन हे प्रथिन देऊन या संसर्गाचे रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० वर आणले होते. अल्ब्युमिनच्या बाटलीसाठी बायका मंगळसूत्र गहाण टाकत, पण माणूस घरी जायचा. आमचे सर बजावत, आधी सुई, मग औषध. डाव्या बाजूला खाली सुई घालायची, पिवळसर गढूळ पाणी ओढायचं आणि खाटेशेजारीच दहा मिलिलिटर कल्चरच्या बाटलीत सोडायचं. घनमिलिमीटरमागे २५० न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसल्या की उपचार सुरू, कल्चरची वाट पाहायची नाही.

औषधाआधीच नमुना घेतल्यामुळे दुर्मीळ जंतूही सापडत. एका पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत आलेला सिरॉसिसचा रुग्ण दाखल झाला. पिंढरीवर काळपट फोड, रात्रीतून मांडीपर्यंत सूज. रक्तात एरोमोनास निघाला. निरोगी माणसाला सहसा एवढा न छळणारा हा जंतू, पण यकृताची गाळणीच बंद पडलेली. खाऱ्या पाण्यातला, जखमेतून किंवा कच्च्या कालवांतून शरीरात शिरणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस याहून जहाल. कॅलिफोर्नियाने २००३ साली मेक्सिकोच्या आखातातले प्रक्रिया न केलेले कच्चे कालव उन्हाळी महिन्यांत विकायला बंदी घातली आणि तिथले त्याचे बळी जवळजवळ थांबले. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या सिरॉसिसच्या रुग्णाला पायाची जखम घेऊन खाडीत उतरू नकोस, एवढं तरी कोण सांगतं?

२०१० साली एनडीएम-१ची, म्हणजे जंतूंना बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देऊ देणाऱ्या आणि नवी दिल्लीचं नाव दिलेल्या विकराची, बातमी आली तेव्हा आपण देशाच्या बदनामीवर भांडलो, औषधांच्या उधळपट्टीवर नाही. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. २०१९च्या जागतिक पाहणीत सिरॉसिसच्या रुग्णांतले बहुऔषधरोधक जंतू भारतात फार मोठ्या प्रमाणावर दिसले. आज रुग्ण आमच्याकडे पोहोचतो तो दोन-दोन प्रतिजैविकं टोचून, पण पोटाला सुई एकदाही न लागता. मग बहुतेकदा कल्चर कोरं येतं, आणि कुठल्या जंतूने माणूस नेला हे कळतच नाही.