शर्यत संपल्यानंतरचा ग्रेहाउंड

ब्रिटनमधील परवानाधारक मैदानांवर धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्याची कारकीर्द वयाच्या साधारण पंधराव्या महिन्यानंतर सुरू होते आणि बहुधा तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान संपते. त्याचे आयुर्मान मात्र दहा ते चौदा वर्षांचे असते, म्हणजे ज्या कामासाठी त्याची पैदास केली जाते ते काम त्याच्या आयुष्याचा लहानसा भागच व्यापते. उरलेली वर्षे हे जनावर कोठे आणि कोणाच्या आधाराने काढणार, या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९७०च्या दशकाच्या मध्यावर, निवृत्त ग्रेहाउंडांसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली तेव्हा सुरू झाला. तोवर या खेळाला ब्रिटनमध्ये जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. आज असे हजारो कुत्रे घरोघरी दत्तक राहतात आणि ते आळशी, अबोल, भिडस्त असतात, असे सर्रास सांगितले जाते. हे वर्णन खोटे नाही, परंतु त्यातील किती भाग वंशाचा आणि किती भाग आधीच्या आयुष्यक्रमाचा, याची फोड केल्याखेरीज या कुत्र्याची देखभाल नीट समजत नाही.

ग्रेहाउंड हा नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यांपैकी आहे. वास घेत माग काढणाऱ्या कुत्र्यांपेक्षा या गटाची घडण निराळी असते: अरुंद डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि दूरवरची हालचाल टिपणारी दृष्टी. पूर्ण वेगात असताना प्रत्येक ढांगेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, आणि त्यामुळे तो ताशी ६५ ते ७० किलोमीटरपर्यंत वेग गाठू शकतो. इंग्लंडमध्ये या वेगाची परीक्षा पूर्वी मोकळ्या रानात, जिवंत सशामागे दोन कुत्रे सोडून घेतली जाई. या प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठेची वॉटर्लू कप ही स्पर्धा १८३६ मध्ये सुरू झाली आणि सशांच्या अशा पाठलागावर कायद्याने बंदी आल्यामुळे २००५ नंतर ती थांबली. जिवंत सशाच्या जागी यांत्रिक आमिष आणण्याचे श्रेय अमेरिकेतील ओवेन पॅट्रिक स्मिथ यांच्याकडे जाते. त्यांच्या यंत्रावर आधारलेले मैदान १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे उघडले. हीच पद्धत ब्रिटनमध्ये आल्यावर २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. शहरातल्या कामगाराला संध्याकाळी चालत जाऊन पाहता येईल आणि पैज लावता येईल असा हा खेळ होता, त्यामुळे तो झपाट्याने पसरला. आयर्लंडमधील ऑफली परगण्यात जन्मलेला मिक द मिलर हा ग्रेहाउंड १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे इंग्लिश डर्बी जिंकून इतका लोकप्रिय झाला की त्याचे पेंढा भरलेले शरीर आजही ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयात पाहायला मिळते. त्याच्यासारखे भाग्य अर्थातच फार थोड्या कुत्र्यांच्या वाट्याला आले.

ब्रिटनमध्ये धावणाऱ्या ग्रेहाउंडांपैकी बहुसंख्य आयर्लंडमध्ये जन्मतात. आयरिश कुत्र्याच्या दोन्ही कानांच्या आतल्या बाजूस ओळखीची अक्षरे गोंदलेली असतात आणि दत्तक घेणाऱ्याला या गोंदणावरून त्याचे शर्यतीचे अधिकृत नाव, जन्मतारीख, आईवडील आणि धावलेल्या शर्यतींची नोंद शोधता येते. प्रशिक्षकाच्या आवारात या कुत्र्यांना ठेवण्याच्या कोठड्यांना केनेल म्हणतात. तेथे साधारणपणे दोन कुत्रे एका कोठडीत राहतात, ठरलेल्या वेळी बाहेर सोडले जातात, ठरलेल्या वेळी खातात आणि उरलेला बहुतेक वेळ पडून काढतात. शर्यतीपूर्वी वजन होते आणि ते मागील शर्यतीच्या वजनापेक्षा एक किलोहून अधिक कमी-जास्त भरल्यास कुत्र्याला धावू दिले जात नाही. नंतर अंगावर, ज्या पेटीतून धाव सुरू करायची तिच्या क्रमांकाचे रंगीत जाकीट आणि तोंडाला मुसके चढते: एक क्रमांकाला लाल, दोनला निळे, तीनला पांढरे, चारला काळे, पाचला नारिंगी आणि सहाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. सुमारे ४८० मीटरच्या नेहमीच्या शर्यतीला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. माणसाच्या हाताळणीची या कुत्र्याला लहानपणापासून सवय असते, कारण त्याला रोज तपासले, चोळले, तोलले जाते. परंतु घर नावाची वास्तू त्याने बहुधा पाहिलेली नसते.

यातूनच दत्तक घरातल्या पहिल्या काही आठवड्यांतील अडचणी उद्भवतात. केनेल एकमजली असल्यामुळे जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते, आणि तीस किलोंच्या, लांब पायांच्या प्रौढ कुत्र्याला पायरीगणिक एकेक पाय उचलून ठेवायला शिकवावे लागते. चढणे तो लवकर शिकतो, उतरताना मात्र बराच काळ वरच खोळंबून राहतो. काचेचे दार त्याला दिसत नाही, म्हणून काचेवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कागद चिकटवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. गुळगुळीत लाकडी किंवा फरशीच्या जमिनीवर पाय घसरल्याचा एक अनुभव आला, तरी तो त्या खोलीत जायचे नाकारतो आणि मग दारापासून अंथरुणापर्यंत सतरंजीचे तुकडे टाकून वाट करावी लागते. घरात घाण न करण्याची सवय त्या मानाने लवकर लागते, कारण झोपण्याची जागा स्वच्छ ठेवून ठरलेल्या वेळी बाहेर जाण्याची शिस्त केनेलने आधीच लावलेली असते. त्याला केवळ एवढेच कळावे लागते की आता सगळे घरच झोपण्याची जागा आहे.

याहून अवघड प्रश्न एकटेपणाचा आहे. जन्मापासून भावंडांत, मग सवंगड्यांत आणि शेवटी कोठडीतल्या जोडीदारासोबत राहिलेला हा कुत्रा आयुष्यात प्रथमच रिकाम्या खोलीत एकटा पडतो, तेव्हा तो रडतो, दार ओरबाडतो, अंथरूण फाडतो. यावरचा मान्य उपाय वेळखाऊ आहे: पहिल्या दिवसापासून काही क्षण, मग काही मिनिटे, मग अर्धा तास अशा वाढत्या अंतराने त्याला एकटे ठेवत जाणे. आठवडाभर रजा काढून अहोरात्र त्याच्याजवळ बसणारा आणि नंतर एकदम कामावर निघून जाणारा प्रेमळ मालक हा उपाय आपल्या हातानेच निष्फळ करतो. दुसरा धोका झोपेचा आहे. केनेलमध्ये झोपलेल्या कुत्र्याला सहसा कोणी हात लावत नाही, आणि काही ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे तो जागा आहे अशा समजुतीने अंगावर हात ठेवल्यास तो दचकून गुरगुरतो किंवा चावा घेतो. याला निद्रादचक म्हणता येईल. तो आक्रमक स्वभावाचा पुरावा नव्हे. परंतु लहान मुले असलेल्या घरात आधी नावाने हाक मारावी, त्याने मान उचलल्यावरच जवळ जावे आणि त्याचे अंथरूण कोणी वापरू नये, हे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. घर अंगवळणी पडल्याची खूणही अंथरुणावरच दिसते: पाठीवर उताणे पडून चारही पाय वाटेल तसे हवेत सोडणे, ज्याला इंग्रजी बोलणारे ग्रेहाउंडप्रेमी झुरळासारखे झोपणे म्हणतात.

वंश आणि संगोपन यांची फोड करण्यासाठी दख्खनचे उदाहरण उपयोगी पडते. सोलापूर, सांगली, लातूर या भागांत सांभाळला जाणारा कारवान आणि सीमेपलीकडचा, मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा कुत्रा हेही नजरेने शिकार करणारेच. तीच खोल छाती, तीच पातळ कातडी, सशामागे झेपावण्याची तीच ओढ. परंतु हा दख्खनी कुत्रा अंगणात आणि शेतावर माणसांच्या, गुराढोरांच्या, मुलाबाळांच्या गजबजाटात वाढतो, त्यामुळे उंबरठा, पायरी, वाहन आणि परका कुत्रा यांची ओळख त्याला पिल्लू असतानाच होते. निवृत्त ग्रेहाउंडाचे बावचळणे हा रक्ताचा गुण नाही, हे या तुलनेवरून पुरेसे स्पष्ट होते. पाठलागाची ओढ मात्र रक्तातली आहे आणि तेथे प्रशिक्षणावर भरवसा ठेवणे धोक्याचे ठरते.

म्हणूनच घराबाहेरच्या देखभालीत पट्ट्याला मोठे महत्त्व आहे. ग्रेहाउंडाची मान डोक्याहून जाड असल्यामुळे साधा पट्टा मागे ओढल्यावर डोक्यावरून निसटतो. त्यासाठी ओढ पडताच मर्यादित प्रमाणात आवळणारा, मानेच्या नाजूक कातडीला कापू नये इतका रुंद पट्टा वापरतात. चारी बाजूंनी कुंपण असलेली जागा सोडून त्याला मोकळे सोडायचे नाही, कारण दूरवर पळणारी खार दिसल्यावर तो हाक ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो आणि वाटेतला रस्ता त्याला दिसत नाही. दत्तक देणाऱ्या संस्था मांजर व लहान कुत्री यांच्यासमोर त्याची चाचणी घेतात, तरीही सुरुवातीला मुसके घालूनच फिरवण्यास सांगतात. पगसारखा आखूड तोंडाचा कुत्रा हाही आपल्याच जातकुळीचा प्राणी आहे, हे केवळ ग्रेहाउंड पाहिलेल्या कुत्र्याला पहिल्या भेटीत उमजत नाही. चालता चालता मध्येच तो खांबासारखा थिजतो, तोही हट्टाने नव्हे तर नवे दृश्य पेलत नाही म्हणून. अशा वेळी ओढण्यापेक्षा किंचित बाजूला वळवणे बरे पडते.

शरीराकडे वळले की शर्यतीचा आणि वंशाचा हिशेब एकमेकांत मिसळतो. कातडी पातळ आणि केस आखूड असल्यामुळे काटेरी कुंपणाला नुसता घासला तरी त्याला टाके घालावे लागतात. चरबी कमी असल्यामुळे हिवाळ्यात बाहेर पडताना अंगरखा लागतो, आणि घरातही अनेकदा लागतो. लांब, विरळ केसांची शेपटी भिंतीवर आपटून टोकाशी फुटते आणि ती जखम लवकर भरत नाही. दात बहुतेक वेळा कीटणाने भरलेले असतात, त्यामुळे दत्तक घेतल्यानंतरचा पहिला मोठा वैद्यकीय खर्च दातांवरच होतो आणि पुढे रोज दात घासणे भाग पडते. पंजाच्या गादीत कुरूप होणे ही या जातीत वारंवार आढळणारी पीडा आहे: कठीण जमिनीवर लंगडणारा कुत्रा हिरवळीवर सरळ चालू लागला, तर हाडाआधी गादी तपासावी असे जाणकार पशुवैद्य सांगतात. शर्यतीची खूण मागच्या उजव्या पायाच्या घोट्यात सापडते. कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, प्रत्येक वळणावर त्या घोट्याच्या मध्यवर्ती हाडावर दाब येतो आणि ते हाड पिचते. अनेक कुत्र्यांची निवृत्ती याच दुखापतीने होते आणि उतारवयात तेथे संधिवात धरतो. मोठ्या वयात हाडाच्या कर्करोगाचे प्रमाणही या जातीत जास्त आहे, म्हणून न थांबणारे लंगडणे अंगावर काढू नये.

सर्वांत कमी माहिती असलेली बाब रक्ताची आहे. ग्रेहाउंडाच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण सामान्य कुत्र्याहून बरेच अधिक, बहुधा ५० ते ६५ टक्के असते, तर रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, आणि अवटू ग्रंथीचे संप्रेरक कमी असते. इतर जातींसाठी ठरवलेल्या मोजपट्टीवर हे आकडे ठेवल्यास निरोगी कुत्राही आजारी ठरतो, आणि अवटूच्या गोळ्या विनाकारण सुरू झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. ओहायो राज्य विद्यापीठात डॉ. गिलेर्मो कुटो यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या अभ्यासाने या विषयाला शास्त्रीय पाया दिला. किरकोळ शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे तर एक-दोन दिवसांनी सुरू होणारा रक्तस्राव, रक्ताची गुठळी वेळेआधी विरघळल्यामुळे होणारा, हाही त्यातूनच नीट समजला. भुलेच्या बाबतीत थायोपेंटालसारखी जुनी औषधे या कुत्र्याचे यकृत फार सावकाश निचरते, त्यामुळे शुद्ध येण्यास धोकादायक विलंब होतो. आता वेगळी औषधे उपलब्ध असल्याने हा धोका टळू शकतो, मात्र मालकाने हे पशुवैद्याला विचारण्याची लाज बाळगू नये.

एवढी सगळी देखभाल कुटुंबाने स्वखर्चाने करावी आणि शर्यतींचा नफा दुसरीकडे जावा, यातली विसंगती ब्रिटनमध्ये उशिरा चर्चेत आली. २००६ मध्ये संडे टाइम्सने डरहॅम परगण्यातील सीहॅम येथील एक माणूस सुमारे पंधरा वर्षे नको असलेले ग्रेहाउंड हजारोंच्या संख्येने मारून पुरत असल्याचे उघड केले. त्यानंतर चौकशी अहवाल आले, २०१० मध्ये इंग्लंडमध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंडांच्या कल्याणाचे नियम लागू झाले आणि मैदानावर पशुवैद्य असणे बंधनकारक ठरले. २०२० मध्ये शर्यतींच्या नियामक मंडळाने निवृत्ती योजना आणली, जिच्यात प्रत्येक नोंदणीकृत कुत्र्यामागे मालक आणि मंडळ यांनी निम्मे-निम्मे मिळून ४०० पौंड पुनर्वसनासाठी बाजूला ठेवायचे होते. एका दंतोपचारातच ही रक्कम सहज संपू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये आरएसपीसीए, ब्लू क्रॉस आणि डॉग्ज ट्रस्ट या तीन मोठ्या प्राणिकल्याण संस्थांनी शर्यती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची एकत्रित मागणी केली. पुनर्वसन करणाऱ्या संस्थांत मात्र जुना मतभेद कायम आहे: धंद्याकडून पैसा आणि कुत्रे दोन्ही घ्यायचे तर टीकेची धार बोथट होते, आणि नाते तोडायचे तर केनेलचे दार बंद होऊन कुत्र्याचेच नुकसान होते. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद आहेत. परंतु कुत्र्याच्या पुढच्या दहा वर्षांची तरतूद त्याच्या जन्माच्या वेळीच व्हायला हवी, या साध्या अपेक्षेला दोन्ही बाजूंचा विरोध असू नये.

इतरत्र प्रश्नाने वेगळे वळण घेतले आहे. मकाऊचे कॅनिड्रोम मैदान जुलै २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा मागे राहिलेल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांना परदेशांत घरे शोधावी लागली. फ्लोरिडात नोव्हेंबर २०१८ च्या मतदानाने २०२० अखेर शर्यती संपवल्या. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. अमेरिकेत मैदाने बंद पडताच निवृत्त कुत्र्यांचा पुरवठा आटला, परंतु त्यांना दत्तक घेऊ इच्छिणारी कुटुंबे तशीच राहिली. तेथील दत्तक संस्था आता आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील निवृत्त ग्रेहाउंड विमानाने आणवतात आणि त्यांच्या कानांतले गोंदण वाचायला नव्याने शिकतात.