ढोबळी मिरची विरुद्ध काळी मिरी

नाशिकच्या पट्ट्यात रेड वाइनच्या द्राक्षांची चौकशी केली की दोन नावं हमखास कानावर येतात: कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ. दोन्हींचे मणी लहान आणि काळेभोर, दोन्हींत बिया, दोन्हींची साल चावली की तोंड आवळतं. बाटलीवरच्या मजकुरात मात्र कॅबरनेला ढोबळी मिरचीचा आणि शिराझला काळ्या मिरीचा वास चिकटवलेला असतो. वाचणाऱ्याला ही जाहिरातवाल्यांची कविता वाटते. त्या मजकुरातली बरीचशी विशेषणं तशी असतातही, पण या दोन वासांमागे खरोखरचे रेणू आहेत.

ढोबळी मिरचीचा वास कशाचा, हे रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमेरिकेत दाखवून दिलं. आयसोब्युटिल मेथॉक्सिपायराझीन असं त्या रेणूचं लांबलचक नाव. लिटरभर पाण्यात २ नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो; म्हणजे १ ग्रॅम ५० कोटी लिटर पाण्याला पुरावा. पुढे हाच रेणू कॅबरनेत सापडला. तो तिथे कसा आला, याचा धागा १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात हाती लागला. कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासून सांगितलं की कॅबरने सोव्हिन्यों हे काळ्या कॅबरने फ्रांचं आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लांचं अपत्य आहे. या दोघांतही हे पायराझीन असतं. सोव्हिन्यों ब्लांच्या वाइनला जो हिरवट, कापलेल्या गवतासारखा वास येतो, त्यातही त्याचाच हात. लेकराने आईबापांचा वास उचलला, एवढंच.

शिराझचं कोडं सुटायला २००८ साल उजाडलं. मिरीचा वास सगळ्यांना येत होता, पण यंत्रांना रेणू दिसत नव्हता, कारण त्याचं प्रमाण अतिशय कमी. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो शेवटी पकडला आणि त्याचं नाव निघालं रोटुंडोन. गंमत अशी की आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीच्या वासामागेही मुख्यतः हाच रेणू आहे, हे त्याच संशोधनात कळलं. हजारो वर्षं मिरीचा व्यापार केला, तिच्यासाठी समुद्र ओलांडले, लढाया केल्या, आणि तिचा वास कशाचा हे मात्र द्राक्षाच्या निमित्ताने समजलं! त्या प्रयोगात वास घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना रोटुंडोन भरपूर असूनही जाणवलं नाही. तेव्हा एकाच बाटलीवरून ‘मिरी आहे’ आणि ‘मिरीबिरी काही नाही’ असा वाद टेबलावर रंगला, तर दोन्ही बाजू खरं बोलत असू शकतात.

असे हे दोन वास, पण मला त्यांच्यावर फार भरवसा ठेवावासा वाटत नाही. कारण दोघेही उन्हाला भितात. पायराझीन हिरव्या मण्यात तयार होतं आणि मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो पिकू लागला, की घटू लागतं. घडावर आधीपासून ऊन पडत असेल तर मुळात तयारच कमी होतं. रोटुंडोन सालीत साठतं, तेही थंड जागी आणि थंड वर्षी जास्त. फ्रान्समध्ये बोर्दोचं कॅबरने आणि ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातलं शिराझ (तिकडे त्याला सिरा म्हणतात) पिकतं ते उतरत्या उन्हात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारव्याकडे जाताना. आपल्याकडे चक्र उलटं आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि मणी पिकतात ते थंडी ओसरून ऊन चढत असताना, फेब्रुवारी-मार्चच्या दिशेने. साखर भराभर वाढते, मॅलिक आम्ल उष्णतेत वेलच खर्च करून टाकते, आणि पुस्तकात वाचलेला वास शोधायला जावं तर तो पुसट झालेला असतो. तिथे ‘ढोबळी मिरची लागत नाही म्हणजे हे कॅबरने नव्हे’ असा निकाल देणं चुकीचं. उलट तो वास भसकन आला, तर घड सावलीत राहिले किंवा काढणीची घाई झाली, असा संशय घ्यावा.

उन्हातही बऱ्याच अंशी टिकतो तो वाइनचा बांधा: टॅनिन आणि अल्कोहोल. इथे हिशेब नॅनोग्रॅमचा नसून ग्रॅमचा असतो. टॅनिन सालीतून आणि बियांतून येतं. लाळेत प्रोलिन भरपूर असलेली प्रथिनं असतात, ती तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्यांना चिकटतं, गुठळ्या होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूवर घासू लागते. सुपारी चघळल्यावर होतं तेच. आयुर्वेदाने तुरटाला सहा रसांत जागा दिली. आजचं शरीरशास्त्र त्याला बहुतेक वेळा स्पर्शाच्या खात्यात टाकतं.

कॅबरने या खात्यात वरचढ का, याचं अर्धं उत्तर भूमितीत आहे. निर्यातीच्या थॉम्पसन द्राक्षाचा मणी १८ मिलिमीटरचा करण्यासाठी आपला बागायतदार जिवाचं रान करतो. कॅबरनेचा मणी जेमतेम १२ मिलिमीटरचा. गोलाचा व्यास कमी झाला की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो. इथे तो दीडपट होतो. म्हणजे रस थोडा, साल फार. त्यात कॅबरनेची साल जाड आणि गराच्या मानाने बियांचा वाटाही मोठा. म्हणून तरुण कॅबरने हिरड्यांवर ताठ बसते, आणि सुरुवात व शेवट ठसठशीत असताना मध्येच पोकळ वाटते. शिराझमध्येही रंग भरपूर, पण तिचं टॅनिन सहसा मऊ लागतं आणि घोट जिभेच्या मध्यावर भरीव वाटतो. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनमध्ये ऱ्होनकाठच्या हर्मिटाजची सिरा मिसळत, ती हीच पोकळी भरायला. ऑस्ट्रेलियात हे मिश्रण आजही होतं.

पडताळा सोपा आहे. दोन पेल्यांत दोन्ही घ्या, नाक चिमटीत धरा आणि घोट घ्या. मिरची आणि मिरी दोन्ही गायब होतील, घासणं मात्र राहील, आणि कॅबरनेत ते बहुधा जास्त असेल. बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम ज्यांनी केला त्यांच्या खोल्या एप्रिलमधल्या पुण्यातल्या नव्हत्या. ३५ अंशांना अल्कोहोलच आधी नाकात जातं.

जेवणाशी जोडी लावतानाही वासापेक्षा बांधाच पाहावा. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवतात, त्यामुळे भाजलेल्या, कमी तिखट मटणाबरोबर कॅबरने एकदम नरम पडते. झणझणीत तांबड्या रश्श्यासमोर मात्र तिला आणू नये: तिखटाने भाजलेल्या तोंडाला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. तिथे जराशी गार केलेली, हलकी शिराझ चालेल. खरं तर तिथे सोलकढीच बरी.