उलटी मोजावी लागते

उत्तर दिल्लीत रिजच्या टेकडीवर महापालिकेचं एक मोठं रुग्णालय आहे आणि त्याला नाव आहे एका मराठी माणसाचं. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्यानंतर टेकडीवरची त्याची कोठी हिंदूरावांकडे आली. पुढे त्याच जागी रुग्णालय उभं राहिलं. आज ‘हिंदूराव’ म्हटलं की दिल्लीकरांना सरदार आठवत नाही, दवाखाना आठवतो. खासगी खर्च न झेपणाऱ्या घरांतल्या बाया अशा महापालिका रुग्णालयांत गरोदरपणात येतात. त्यांतल्या काहींना प्रसूतीला अजून सात महिने असतात. त्या येतात, कारण पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही.

गरोदरपणात मळमळ दहांतल्या सात-आठ जणींना होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोर धरते आणि बहुतेकींची विसाव्या आठवड्यापर्यंत थांबते. पण शंभरांतल्या एक ते तिघींच्या बाबतीत ती आजाराचं रूप घेते. त्याचं वैद्यकीय नाव हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम. दिवसभर उलट्या होतात, वजन पाच टक्क्यांहून जास्त घटतं, लघवी गडद आणि थोडी होते. ५० किलोच्या बाईचं वजन अडीच किलोनं उतरलं, तर ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून सोडून देता येत नाही.

दोष तिच्या मनाचा नाही

या आजाराला फार काळ मनाचे खेळ समजलं गेलं. बाईला मूल नकोसं आहे म्हणून ती ओकते, असं विसाव्या शतकात डॉक्टरही म्हणत. मार्लेना फेझो या अमेरिकी संशोधिकेला १९९९ मध्ये स्वतःच्या गरोदरपणात हाच आजार झाला. तिचं म्हणणं गंभीरपणे घेतलं गेलं नाही आणि तिने बाळ गमावलं. पुढची वीसेक वर्षं ती याच्याच कारणामागे लागली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये तिचं, केंब्रिजचे स्टीफन ओराहिली यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांच्या शरीराला त्याची सवय नसते. पातळी अचानक वाढली की त्यांना जास्त त्रास होतो. बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते मुळातच भरपूर असतं आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारशी होत नाही. या दुव्यानं चित्र आणखी स्पष्ट झालं. सासूने सुनेला ‘आम्ही नाही का काढलं’ म्हणावं, अशी ही गोष्टच नाही.

सिस्टरच्या कागदावर

या आजारात डॉक्टर औषध लिहून देतात, पण बाई सावरते ती परिचारिकेच्या हातून. दाखल होताच तिचं वजन घेतलं जातं आणि पुढे रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी घेतलं जातं. नाडी आणि रक्तदाब पाहिला जातो. लघवीत पट्टी बुडवून किटोन तपासतात. अन्न मिळत नसल्यानं शरीर चरबी जाळू लागल्याची ती खूण असते, मात्र केवळ पट्टीवरून आजाराची तीव्रता ठरत नाही. रक्तातले क्षार, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या होतात. सोनोग्राफीत जुळी किंवा द्राक्षगर्भ (वारेची बिघडलेली वाढ) नाही ना, हे पाहतात. मग सुरू होते नोंद : किती प्यायली, किती सलाईन गेलं, किती उलटी झाली, किती लघवी झाली. बाई ‘खूप झाली’ म्हणते, तेव्हा त्याचं मिलिलिटरमध्ये मोजमाप हवं. या आकड्यांवरच पुढची बाटली ठरते.

आणि बाटली कोणती, हा जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की घरचे ‘ग्लुकोज चढवा’ म्हणतात. पण दोन-तीन आठवडे उलट्या होत असलेल्या बाईच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्या अवस्थेत नुसतं ग्लुकोज गेलं, तर मेंदूला इजा होऊन गोंधळ उडणं, दुहेरी दिसणं, तोल जाणं असं घडू शकतं. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट आणि गरजेनुसार पोटॅशियम देतात. पोटॅशियम नेहमी पातळ करून, सावकाश थेंबांनीच देतात, झटकन कधीच नाही. रक्तातलं सोडियमही हळूहळूच वाढवावं लागतं.

उरलेलं काम दिसायला साधं असतं. तिची खाट स्वयंपाकाच्या गाडीपासून आणि संडासापासून दूर ठेवायची, उलटीचं भांडं लगेच उचलायचं, चूळ भरायला पाणी द्यायचं. अंथरुणाला खिळलेल्या गरोदर बाईच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून पाय हलवून घ्यायचे. उलटी थांबल्यावर घोट घोट गार पाणी, मग कुरमुरे, लाह्या, थोडा दहीभात द्यायचा. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढत असेल, तर डॉक्टरांना विचारून ती काही आठवडे थांबवता येते. फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवावं लागतं.

औषधाची भीती

पुष्कळ घरांत तीन महिने होईपर्यंत एकही गोळी नको, असं धरलं जातं. ही भीती उगीच आलेली नाही. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड या औषधानं जगभर हजारो बाळं अधू केली. पण डॉक्सिलामिन आणि बी-६ च्या गोळीची गोष्ट निराळी आहे. १९८३ मध्ये कोर्टकज्ज्यांना कंटाळून ती अमेरिकेतून मागे घेतली गेली. तिच्यामुळे बाळांना व्यंग येत असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही, आणि २०१३ मध्ये ती तिथे पुन्हा मंजूर झाली. आज उपचाराची सुरुवात बहुधा तिच्यापासूनच होते. आल्याचा चहा सौम्य मळमळीला उपयोगी पडतो, या आजाराला पुरत नाही.

दिवसभरात काहीच पोटात टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त आलं, ताप किंवा पोटदुखी सुरू झाली, चक्कर आली वा बोलण्यात गोंधळ दिसला, तर वाट पाहू नका. दिल्लीच्या मे-जूनच्या उन्हात, तसंच विदर्भ-मराठवाड्यातही, शरीर फार लवकर सुकतं. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात गरोदर बाईचा उपचार, औषधं आणि तपासण्या मोफत मिळण्याचा तिला हक्क आहे. तो मागून घ्या, आशाताईंची मदत घ्या.

आणि आपल्या रुग्णालयांत परिचारिकांची संख्या वाढावी, ही मागणी प्रसूतिगृहापुरती ठेवून चालणार नाही. साठ खाटांमागे एकच सिस्टर धावत असेल, तर लघवी मोजणार कोण आणि थायमिन आधी गेलं का हे पाहणार कोण? सलाईन, बी-१ ची इंजेक्शनं, वजनकाटा या सगळ्या वस्तू स्वस्त आहेत. महाग आहे तो नीट लक्ष देणाऱ्या माणसाचा वेळ, आणि सरकारनं पहिल्यांदा तोच विकत घ्यायला हवा.